वळतं पण कळत नाही

‘कळतं पण वळत नाही’ असं आपण उठता-बसता म्हणतो. सिगारेट ओढणारा म्हणतो, उधारी करणारा म्हणतो, आणि आमच्या शाखेत कर्जाचा हप्ता चुकवणारा तर हात जोडून म्हणतो. परंतु ज्या सद्गृहस्थाने हे वाक्य प्रथम उच्चारलं त्याने गोल्फ खेळून पाहिलेला नसावा. गोल्फमध्ये नेमकं उलटं होतं. चेंडू वळतो, आणि का वळतो ते कळत नाही.

मी गोल्फ खेळलो, हे लिहिताना माझं मलाच हसू येतं. आमच्या जालन्यात गोल्फ नाही. लोखंडी सळयांचे कारखाने आहेत, बियाणांच्या कंपन्या आहेत, भौगोलिक मानांकन मिळालेली मोसंबी आहे, आणि ‘जालना सोने का पालना’ ही म्हण तर पूर्वीपासून आहेच. पण ज्या गावात उन्हाळ्यात माणसं नळाच्या तोटीकडे देवाच्या मूर्तीकडे पाहावं तशी पाहतात, तिथे नुसत्या गवताला पाणी पाजून त्यावर खेळायचा खेळ सुचणार कोणाला? तेव्हा हा प्रसंग घडला पुण्यात, आणि त्याला कारणीभूत आमचे साडूभाऊ.

झालं असं, की बँकेने मला पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला पुण्याला पाठवलं. विषय होता, ग्राहकांशी सौजन्याने कसं वागावं. वीस वर्षं काउंटरवर बसून ग्राहकांशी जे काही वागायचं ते वागून झाल्यावर हे प्रशिक्षण म्हणजे लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी पत्रिका जुळवण्यासारखं होतं. पण पुण्यात साडूंचा बंगला आहे, जेवणाखाणाची ददात नाही, म्हणून मी गेलो. साडू मोठ्या कंपनीत मोठे साहेब आहेत. शनिवारी संध्याकाळी म्हणाले, ‘‘चला, आज तुम्हाला गोल्फ दाखवतो.’’ मला वाटलं, दाखवणार म्हणजे लांबून. त्यांनी हातात काठीच दिली.

ज्याला ते रेंज म्हणतात ती एक लांबलचक मोकळी जागा असते. पुढे अंतराचे फलक लावलेले. आपण एका टोकाला उभं राहून पन्नास-साठ चेंडू एकामागून एक मारायचे आणि आणायला मात्र जायचं नाही. लहानपणी आमच्या गल्लीत जो मारील त्यानेच चेंडू आणायचा असा कायदा होता, त्यामुळे ही सोय मला राजेशाही वाटली. चेंडू एवढासा. वजन 46 ग्रॅमपेक्षा थोडं कमी, अंगभर देवीचे व्रण असावेत तसे खळगे. आणि तो हलत नाही! क्रिकेटमध्ये अंगावर येणारा चेंडू मारायचा असतो, विटीदांडूत उडणारी विटी मारायची असते. इथे चेंडू सरकारी फायलीसारखा एका जागी स्वस्थ बसलेला. त्याला मारण्यात काय अवघड आहे?

पहिले चार वार हवेत गेले. पाचवा लागला. चेंडू छान उडाला, थोडा वेळ सरळ गेला, आणि मग काही आठवल्यासारखा उजवीकडे वळून शेजारच्या झाडीत शिरला. सहावा तसाच. सातवाही तसाच.

‘‘स्लाइस,’’ साडू म्हणाले. मला स्लाइस फक्त पावाची माहीत. ‘‘नव्या माणसाचा होतोच. माझा पंधरा वर्षं होतोय.’’ हे त्यांनी ज्या अभिमानाने सांगितलं त्या अभिमानाने लोक आपला मधुमेह सांगतात.

यानंतर सल्ल्यांना सुरुवात झाली. डोकं खाली ठेवा. नजर हलवू नका. डावा हात ताठ. उजवं कोपर बरगडीला. श्वास सोडा. शेजारच्या खोपटातून मारणारे एक निवृत्त गृहस्थ आपलं खेळणं थांबवून आले आणि माझा खांदा धरून उभे राहिले. त्यांचा स्वतःचा चेंडूही उजवीकडेच जात होता हे मी नंतर पाहिलं. मी मनाशी साधा हिशोब केला. चेंडू उजवीकडे जातो ना? मग आपण डावीकडे तोंड करून उभं राहू. म्हणजे वळून वळून मधे येईल. मी थोडा डावीकडे वळलो. चेंडू अधिकच उजवीकडे गेला. आणखी वळलो. तो आणखी उजवीकडे. शेवटी मी जवळजवळ साडूंच्या दिशेने तोंड करून उभा होतो, आणि चेंडू केळ्याच्या आकाराची वाट काढत पलीकडच्या कुंपणाकडे चालला होता.

तिथे चेंडूंच्या टोपल्या आणून देणारा एक पोरगा होता. विशीचा असेल. तो मघापासून हसू दाबत होता. साडू फोनवर बोलायला बाजूला गेले तसा जवळ येऊन हळूच म्हणाला, ‘‘काका, एक सांगू का? चेंडू उजवीकडं जातोय म्हणून तुम्ही डावीकडं ओढताय. तुम्ही डावीकडं ओढताय म्हणूनच तो उजवीकडं जातोय.’’

मी काठी खाली ठेवली. पाच दिवसांच्या प्रशिक्षणात मला जे मिळालं नाही ते या पोराने दोन वाक्यांत दिलं होतं. फक्त ते काय आहे हे समजायला मला थोडा वेळ लागला.

समजलं ते असं. उजव्या हाताने खेळणाऱ्याची काठी चेंडूला लागते तेव्हा दोन गोष्टी पाहायच्या असतात. एक, काठी कुठून कुठे चालली आहे. दुसरी, काठीच्या टोकाचं तोंड कुठे पाहतं आहे. दोन्ही एकाच दिशेने असतील तर चेंडू सरळ. पण काठी बाहेरून आत, म्हणजे डावीकडे ओढली जात असेल आणि तिचं तोंड त्या मानाने उजवीकडे उघडं राहिलं असेल, तर काठी चेंडूला मारत नाही, पुसते. चेंडूला तिरकी फिरकी मिळते आणि तो हवेत उजवीकडे वळतो. या दोन दिशांमधलं अंतर जितकं जास्त तितकं वळण मोठं. आता खेळणारा घाबरून डावीकडे तोंड करतो, काठी आणखी डावीकडे ओढतो, पण काठीचं तोंड मात्र मनातल्या मनात त्या लांबच्या झेंड्याकडेच राहतं. अंतर वाढतं. वळण वाढतं. म्हणजे दोष सुधारण्यासाठी जे करायचं तेच दोषाचं खाद्य.

गंमत अशी, की हे कित्येक शिकवणाऱ्यांनाही नीट माहीत नव्हतं. जुन्या शिकवणीत असं असे, की चेंडू निघतो तो काठीच्या वाटेने आणि शेवटी जातो तो तिच्या तोंडाच्या दिशेने. या शतकात रडारची यंत्रं आली, त्यांनी चेंडूचा माग काढला, आणि निष्पन्न झालं की चेंडू निघतानाच मुख्यतः काठीच्या तोंडाच्या दिशेने निघतो. वळतो तो वाट आणि तोंड यांच्या भांडणामुळे. पिढ्यान् पिढ्या गुरूंनी उलटं सांगितलं आणि तरी काही शिष्य उत्तम खेळले, ही गोष्ट शिक्षणखात्याने लक्षात घेण्यासारखी आहे.

उपाय विचारला तेव्हा पोराने माझे दोन्ही हात काठीवर जरासे उजवीकडे फिरवले. ‘‘डाव्या हाताच्या दोन-तीन गाठी दिसल्या पाहिजेत वरून. आणि एवढं आवळू नका, काठी काय पळून चालली नाही.’’ मग म्हणाला, ‘‘आता त्या उजव्या झाडीकडं मारा.’’

‘‘अरे, तिकडेच तर जातोय तो!’’

‘‘म्हणूनच.’’

आता हे सांगायला सोपं. ज्या बाजूची भीती वाटते त्याच बाजूला मनापासून मारायचं, हे शरीराला मान्य होत नाही. हात नवीन जागी ठेवले तर ते दुसऱ्याच कोणाचे वाटतात. सरळ उभा राहिलो तर आपण तिरके उभे आहोत असं वाटतं, कारण इतका वेळ तिरकं उभं राहणं हेच सरळ झालेलं. मी डोळे जवळजवळ मिटून त्या झाडीकडे मारला. चेंडू थोडा उजवीकडे निघाला आणि मग अगदी सरळ नाही, पण शरमल्यासारखा जेमतेम वळून फलकाच्या आसपास पडला. असे पन्नासात तीन पडले. चौथा पडण्यापूर्वी साडूंचा फोन संपला.

रात्री मला झोप आली नाही. गोल्फमुळे नव्हे.

मी बी.कॉम. आहे. आम्हाला पहिल्या वर्षाला चुकांचे प्रकार शिकवले होते: विसरण्याची चूक, लिहिण्याची चूक, तत्त्वाची चूक, आणि सगळ्यांत बेरकी म्हणजे भरपाईची चूक. एका खात्यात शंभर रुपये नावे जास्त पडले, दुसऱ्या खात्यात शंभर जमा जास्त पडले. तेरीज जुळते! दोन्ही चुका जिवंत, आणि कागद म्हणतो सर्व ठीक. साडूंचा खेळ म्हणजे भरपाईची चूक. ते पंधरा वर्षं डावीकडे तोंड करून मारतात, चेंडू पंधरा वर्षं उजवीकडे वळतो, पुष्कळदा मधे पडतो. त्यांचं काय बिघडलं? रविवारी चार मित्र भेटतात, घाम येतो, साखर आटोक्यात राहते. अशा माणसाला तुझा दोष सुधार म्हणणं हे नीतीला धरून आहे का, असा मला खरोखर प्रश्न पडला. सचिन तेंडुलकर बॅटचा दांडा पुस्तकात सांगितला आहे त्यापेक्षा फार खाली धरायचा. थोरल्या भावाची मोठी बॅट लहानपणी वापरल्याने ती सवय लागली, पुढे बदलून पाहिली, जमेना, तेव्हा परत पहिल्यासारखीच धरली. त्या पकडीने त्याने आंतरराष्ट्रीय सामन्यांत शंभर शतकं काढली. तो दोष म्हणायचा की स्वभाव?

मला वाटतं, ओळखायची खूण एकच. भरपाई दर वर्षी वाढवावी लागते का? दांडा खाली धरण्यासाठी तेंडुलकरला दर वर्षी आणखी काही वाकडं करावं लागलं नाही. साडूंना मात्र दर वर्षी थोडं अधिक डावीकडे तोंड करावं लागतं. असंच चाललं तर साठीला पोचेपर्यंत ते क्लबच्या उपाहारगृहाकडे तोंड करून उभे असतील.

आणि मला आमचे चिरंजीव आठवले.

चिरंजीव बारावी कॉमर्सला. गेल्या वर्षी त्याचा अकाउंट्सचा क्लास लावला. मला वाटलं, बापाचाच विषय, रक्तात असेल. काही महिन्यांनी लक्षात आलं की हा संध्याकाळी घरी येतो तेव्हा साबणाचा आणि साबणाखाली रॉकेलचा वास येतो. नखांच्या कडा काळ्या. क्लासमध्ये रॉकेल लागत नाही हे मला ठाऊक होतं. अंबड रस्त्याला त्याच्या एका मित्राच्या वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे तो बसायचा. विचारलं तर म्हणायचा, ‘‘क्लासलाच होतो.’’ मी काय केलं? दुसरा क्लास लावला. एक बुडवतो म्हणून दोन! मग तो दोन्ही बुडवू लागला. मी मोबाइल काढून घेतला. तो मित्राच्या मोबाइलवरून बोलू लागला. मी जेवताना रोज लेक्चर देऊ लागलो; तो माझ्या आधी जेवू लागला. आमची ही म्हणायची, ‘‘अहो, जरा सैल सोडा.’’ मी म्हणायचो, ‘‘सैल सोडलं म्हणूनच ही वेळ आली.’’ आणि आणखी डावीकडे तोंड करून उभा राहायचो.

बरं, घरात भांडण होतं का? छे. तेरीज जुळत होती. तो खोटं सांगायचा, मी खरं मानल्याचं सोंग करायचो. उरलेला फरक आम्ही दोघांनी मिळून सस्पेन्स खात्यात टाकला होता. बँकेत सस्पेन्समधली नोंद फार दिवस पडून राहिली तर तपासनीस विचारतो. घरात तपासनीस येत नाही.

चुकलेल्या माणसाकडे कसं पाहावं, याचा एक दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे आणि तो गोल्फला फारच जवळचा आहे. भोकरदनच्या पलीकडे असई नावाचं गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. हाच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याच्या उजव्या अंगाला ऑरॉक नावाचा लेफ्टनंट कर्नल होता. हुकूम असा होता की असई गावापासून दूर राहायचं, कारण तिथे शिंद्यांच्या तोफा होत्या. ऑरॉकचा काय घोटाळा झाला देव जाणे, तो चालता चालता उजवीकडे वळत गेला, थेट गावावर. त्याच्या आधाराला असलेली 74वी हायलँडर पलटणही त्याच्या मागे उजवीकडे वळली. हायलँडर म्हणजे स्कॉटलंडचे लोक, गोल्फच्या माहेरचे! तेव्हा जालना जिल्ह्यात गोल्फ नाही हे खरं असलं, तरी एक जबरदस्त स्लाइस इथे होऊन गेला आहे. हसण्यासारखी गोष्ट मात्र नाही. त्या पलटणीचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले, शिपायांची तर कत्तल झाली. लढाई जिंकल्यावर वेलस्लीने ऑरॉकच्या चुकीबद्दल खेद व्यक्त केला, पण त्याचं कोर्टमार्शल मांडलं नाही. यापेक्षा भयंकर आगीत माणसं नेणं कोणाला शक्य नव्हतं, असंही म्हणाला. चूक ही चूकच, पण तो भ्याला नव्हता. या दोन नोंदी त्याने वेगवेगळ्या खात्यांत केल्या. मी माझ्या पोराच्या बाबतीत एकच खातं उघडलं होतं आणि त्यात सगळं नावेच टाकत होतो. रॉकेलने हात धुणारा मुलगा रोज चार तास काहीतरी मन लावून शिकत होता, हे जमेला कुठे धरलंच नाही.

आणखी एक बाप-लेक सांगतो. एडिंबरोला पीटर गथ्री टेट नावाचे प्राध्यापक होते. गोल्फचे नादी. चेंडू इतका लांब का जातो, याचं गणित त्यांनी 1890च्या दशकात मांडलं, आणि चेंडूची फिरकी त्याला उचलून धरते हे दाखवलं. त्याआधी फिरकी म्हणजे निव्वळ दोष असं लोक धरून चालले होते. त्यांचा मुलगा फ्रेडी. त्याने 1896 आणि 1898 साली ब्रिटनची हौशी खेळाडूंची अजिंक्यपदं जिंकली. बापाला कळत होतं, पोराला वळत होतं. 1900 साली फ्रेडी बोअर युद्धात मारला गेला आणि पुढच्याच वर्षी प्राध्यापक गेले. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो.

जालन्याला परतलो तो सौजन्याचं प्रमाणपत्र घेऊन. आठवडाभर काहीच केलं नाही. एका ग्राहकाच्या मळ्यात गेलो होतो, तिथे मोसंबीची फळगळ झालेली, झाडाखाली हिरव्या फळांचा सडा. मी छत्री उलटी धरून दोन-चार मारून पाहिल्या. मोसंबी फुटते, त्यामुळे स्लाइस झाला की नाही ते समजत नाही. शर्टवर डाग पडतात एवढं निश्चित. मळेकऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि बँकेच्या माणसाला काही विचारू नये असं ठरवून तो दुसरीकडे गेला.

आमच्याकडे वडिलांची बजाजची स्कूटर आहे. डावीकडे झुकवून किक मारली की चालू होते, आणि कधी कधी नुसतीच झुकते. त्या मंगळवारी ती बँकेसमोर बंद पडली. एरवी मी ती समोरच्याच गॅरेजमध्ये ढकलली असती. खरं सांगायचं तर तिला फारसं काही झालेलं नव्हतं. अजून दहा किका मारल्या असत्या तर चालू झाली असती. पण मी ती ढकलत निघालो, अंबड रस्त्याकडे. पाऊण तास लागला. वाटेत तीनदा थांबलो, दोनदा परत फिरावंसं वाटलं. दुकानाच्या पाटीजवळ पोचलो तेव्हा आतून चिरंजीवच पाना घेऊन बाहेर आले आणि मला पाहून जागच्या जागी उभे राहिले. अकाउंट्सच्या क्लासची ती वेळ होती.

मी म्हणालो, ‘‘चालू होत नाहीये.’’

तो काही बोलला नाही. स्कूटर आत घेतली. उजवीकडचं झाकण काढलं, प्लग काढला, घासला, फुंकर मारली, पेट्रोलची नळी पाहिली. दुकानाचे मालक मला बसायला स्टूल देऊन आपल्या कामाला लागले. मी पहिल्यांदाच त्याचे हात पाहिले. आवळत नव्हता. नट हळूच सोडवत होता, जणू ते पळून चाललेले नाहीत.

पहिल्या किकेला स्कूटर चालू झाली. तो म्हणाला, ‘‘एक चक्कर मारून बघतो.’’ रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आला, उतरला, हँडलकडे बघत उभा राहिला.

‘‘पप्पा, ही उजवीकडं ओढते.’’

‘‘छे. मला तर सरळ वाटते.’’

‘‘इंजिन उजवीकडंच असतं हिचं, थोडं ओढणारच. पण हिचं पुढचं काम पण झालंय. तुम्ही रोज हँडल डावीकडं दाबून चालवत असणार. मनगट दुखतं ना तुमचं? डावं?’’

दुखतं. दोन वर्षं दुखतं. मी त्याला बाम लावतो.

‘‘उद्या ठेवून जा,’’ तो म्हणाला. ‘‘एक दिवस लागेल.’’

‘‘पैसे किती होतील?’’

त्याने मालकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘लिहून देतो,’’ म्हणाला, आणि खिशातून एक मळकी वही काढली. नावे-जमेच्या दोन रकाने पाडलेली. रेघा पट्टीने मारलेल्या होत्या.